कॉर्नवॉलची वारसा मंडळे आणि आमचे गिरणगाव

लालबाग-काळाचौकी परिसरातल्या जुन्या गिरणी कामगारांच्या आठवणी, हत्यारे, कागदपत्रे आणि छायाचित्रे जमवणाऱ्या आमच्या छोट्या गटाचे काम पाहायला येणारी माणसे हमखास विचारतात, की हे तुम्हाला सुचले कुठून? त्याचे उत्तर असे, की आमच्यापुढे एक नमुना होता आणि तो इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाला, अटलांटिक समुद्रात शिरलेल्या कॉर्नवॉल नावाच्या प्रदेशातला होता. तिथल्या गावोगावी ‘ओल्ड कॉर्नवॉल सोसायटी’ या नावाची मंडळे आहेत. शिक्षक, दुकानदार, कोळी, खाणकामगार, गृहिणी अशा साध्या माणसांनी वर्गणी काढून आणि पोटापाण्याचे उद्योग सांभाळून ती शंभर वर्षे चालवली आहेत. मराठीत त्यांच्याविषयी काही लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही आणि मुंबईतल्या प्रत्येक जुन्या वस्तीला त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे असे मला मनापासून वाटते, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहीत आहे.

यातले पहिले मंडळ सेंट आइव्ह्ज या मासेमारीच्या गावात १९२० साली स्थापन झाले. (आमच्या चिंचपोकळीच्या सार्वजनिक उत्सव मंडळाची स्थापनाही १९२० सालचीच, हा योगायोग मला फार आवडतो.) त्यामागची प्रेरणा रॉबर्ट मॉर्टन नान्स यांची होती. हे गृहस्थ चित्रकार होते, जुन्या जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवत आणि त्यांचे आईवडील कॉर्नवॉलचे असले तरी त्यांचा स्वतःचा जन्म वेल्समधल्या कार्डिफचा होता. सेंट आइव्ह्जचे पाहून इतर गावांत मंडळे निघाली, १९२४ साली त्यांचा महासंघ झाला आणि १९२५ पासून महासंघाचे नियतकालिक निघू लागले. आज अशी चाळीसच्या आसपास मंडळे आहेत. प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र आणि आपापल्या गावापुरता असतो, पण कामाची पद्धत सगळीकडे बरीचशी सारखी असते.

१९२० मध्येच हे का सुचले असावे, याचा विचार केला तर आपण गिरणगावाच्या फार जवळ येऊन पोहोचतो. कॉर्नवॉल म्हणजे तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणींचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या तांब्याला जगभर मागणी होती, पण १८६६ च्या सुमारास तांब्याचा बाजार कोसळला आणि एकामागून एक खाणी बंद पडत गेल्या. हजारो कुटुंबे दक्षिण ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, अमेरिका अशी मिळेल तिकडे गेली. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणींतही १८८० नंतर कॉर्नवॉलचे खाणकामगार आणि त्यांच्यावर देखरेख करणारे कप्तान आले होते. मेक्सिकोतल्या पाचुका गावात त्यांनी नेलेली भाजी-मांसाची करंजी आजही दुकानादुकानात विकली जाते. मागे राहिलेल्या गावांत धूर न सोडणारी धुराडी, पडकी इंजिनघरे आणि म्हातारी माणसे उरली. त्यात २० ऑक्टोबर १९१९ रोजी सेंट जस्ट गावाजवळच्या लेव्हंट खाणीत मोठा अपघात झाला. तिथे कामगारांना खाली-वर नेण्यासाठी ‘मॅन इंजिन’ नावाची योजना होती. शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विवरात, पायऱ्या जडवलेला एक लांबच लांब दांडा खाली-वर हलत असे आणि कामगार दांड्यावरून बाजूच्या फळीवर, फळीवरून पुन्हा दांड्यावर असे पाऊल टाकत टाकत वर येत. पाळी संपवून वर येणारी माणसे दांड्यावर असतानाच वरची जोडणी तुटली आणि एकतीस जण दगावले. या अपघाताचा आणि पुढच्या वर्षी सेंट आइव्ह्जमध्ये निघालेल्या मंडळाचा थेट संबंध होता असे माझे म्हणणे नाही. पण जुने जग डोळ्यांदेखत संपते आहे आणि ते सांगणारी माणसेही हातची जात आहेत, ही जाणीव त्या काळी कॉर्नवॉलच्या हवेतच असणार.

मंडळांनी जे बोधवाक्य निवडले ते बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातले आहे. पाच भाकरींत हजारो माणसे जेवल्यावर येशू शिष्यांना सांगतो, की उरलेले तुकडे गोळा करा, काहीही वाया जाऊ देऊ नका. हे वाक्य मंडळांनी कॉर्निश या कॉर्नवॉलच्या जुन्या भाषेत घेतले. स्मारक उभारा, इतिहास लिहा, अभिमान बाळगा असे काहीही त्यात म्हटलेले नाही. तुकडे गोळा करा, एवढेच म्हटले आहे. एखाद्या खडकाचे गावातच प्रचलित असलेले नाव, मासे खारवायच्या मडक्याचा आकार, विहिरीभोवतीची समजूत, मुलांच्या खेळातले गाणे, शेतातल्या एका दगडी क्रुसाची जागा, असे ते तुकडे असतात. विद्यापीठातला इतिहासकार त्यासाठी गावात येऊन राहत नाही. ते काम गावातल्या माणसानेच करावे लागते आणि तेसुद्धा सांगणारा जिवंत असेपर्यंत.

नान्स यांनी ते कसे केले याचे एकच उदाहरण देतो. बोलती कॉर्निश भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ संपली होती. माउझल गावातली मासे विकणारी डॉली पेंट्रीथ १७७७ साली वारली आणि तिला त्या भाषेची शेवटची बोलणारी मानण्याची परंपरा आहे. पण भाषा गेली तरी कोळ्यांच्या इंग्रजी बोलण्यात तिचे शब्द तगून राहिले होते. होडीचा अमुक भाग, जाळ्याची तमुक दोरी, आमिष, खेकड्याची एखादी जात, समुद्राचा विशिष्ट रंग यांसाठी ते कोळी जे शब्द वापरत ते कोणत्याही इंग्रजी कोशात नव्हते. नान्स यांनी बंदरांवर हिंडून, कोळ्यांशी बोलून वर्षानुवर्षे हे शब्द टिपले. १९५९ साली ते गेले आणि त्यांचा सागरी शब्दांचा कोश महासंघाने १९६३ साली प्रसिद्ध केला. दरम्यान कॉर्निशचे अभ्यासक हेन्री जेनर आणि नान्स यांच्या पिढीच्या प्रयत्नांतून कॉर्निश शिकणारे लोक पुन्हा तयार होऊ लागले. २०१० साली युनेस्कोने ही भाषा ‘मृत’ या वर्गातून काढून ‘अत्यंत संकटात’ या वर्गात घातली. मृतांच्या यादीतून परत आलेल्या भाषा जगात फार थोड्या आहेत, आणि या परतीच्या मुळाशी बंदरावर वही घेऊन उभी राहिलेली माणसेही आहेत.

या मंडळांचे वर्ष ठरलेले असते. हिवाळ्यात व्याख्याने, जुन्या चित्रांचे आणि छायाचित्रांचे कार्यक्रम, उन्हाळ्यात पायी सहली. या सहलींना ते तीर्थयात्रा म्हणतात आणि त्यात एखादी पवित्र विहीर, पाषाणवर्तुळ, पडकी खाण पाहून तिथेच उभे राहून माहिती सांगितली जाते. रस्त्याकडेचे पडलेले दगडी क्रूस पुन्हा उभे करणे, विसरलेल्या जागांवर फलक लावणे, गावचे छोटे संग्रहालय सांभाळणे ही कामे वर्षभर चालू असतात. पण दोन प्रसंग सर्वांत देखणे. पहिला २३ जूनच्या संध्याकाळचा. मंडळांनी १९२९ साली मध्यग्रीष्मातल्या शेकोट्यांची बंद पडलेली प्रथा पुन्हा सुरू केली. पश्चिमेकडच्या चॅपल कार्न ब्रे या टेकडीवर पहिली शेकोटी पेटते, ती दिसली की पुढच्या टेकडीवरची, असे करत आगीची साखळी पूर्वेकडे सरकत जाते. रंगीत फितींनी बांधलेली औषधी आणि विषारी वनस्पतींची जुडी एक स्त्री कॉर्निश भाषेतली वचने म्हणत आगीत टाकते.

दुसरा प्रसंग सुगीचा आहे. शेतातले पीक कापत कापत शेवटची मूठभर धाटे उरली, की एक कापणारा ती उंच धरतो आणि तीनदा ओरडतो, “मला मिळाली!” भोवतालची माणसे तीनदा विचारतात, “काय मिळाले?” तो तीनदा उत्तर देतो, “नेक!”, म्हणजे ती शेवटची पेंढी. मग जयघोष होतो, पेंढी सजवून घरी नेतात आणि पुढच्या सुगीपर्यंत जपून ठेवण्याची पद्धत होती. कापणीची यंत्रे आली तशी ही रीत मागे पडली होती. मंडळांनी ती पुन्हा चालू केली, आणि आता कापणीचा विळा मुद्दाम बाहेर काढून हा विधी होतो. त्यानंतर चर्चमध्ये प्रार्थना आणि गावजेवण होते.

यावर आक्षेप घेणारे लोक तिथेही आहेत आणि इथेही मला भेटतात. एकदा मेलेली प्रथा समितीच्या ठरावाने जिवंत करता येते का, ती मग खरी उरते का, असा तो आक्षेप असतो. मला तो पटत नाही. आपल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचे रूप १८९० च्या दशकात माणसांनी विचारपूर्वक घडवले, आणि आज लालबागमध्ये वाढलेल्या मुलाला ते कुणी घडवलेले आहे असे स्वप्नातही वाटत नाही. प्रथा खरी की खोटी हे तिच्या वयावरून ठरवता येणार नाही. ती करणाऱ्या माणसांना तिच्यातले ज्ञान ठाऊक आहे का आणि पुढच्या पिढीला त्यात हाताने करायला काही मिळते का, यावरून ते ठरते. विळा कसा धरायचा हे माहीत असलेला म्हातारा जोवर त्या शेतात उभा आहे, तोवर तो विधी खराच आहे.

यंत्रांच्या बाबतीतही हेच घडले. लेव्हंटची खाण १९३० साली बंद झाली. तिथले १८४० चे वाफेचे इंजिन भंगारात जाणार होते, तेव्हा स्थानिक माणसांनी १९३५ साली कॉर्निश इंजिनांच्या जतनासाठी समिती स्थापून ते वाचवले. पुढे ही समिती ट्रेव्हिथिक सोसायटी झाली. हे इंजिन कित्येक दशके गंजत उभे होते. १९८४ पासून हाताला वंगण लावून घेणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका टोळीने, जिला लोक ‘ग्रीझी गँग’ म्हणत, ते सुटे करून, घासून, जोडून पुन्हा वाफेवर चालते केले. १९९८ साली साउथ क्रॉफ्टी ही कॉर्नवॉलमधली शेवटची कथिलाची खाण बंद झाली. २००६ साली कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचा खाणपरिसर जागतिक वारसा यादीत गेला. २०१९ साली रेडरुथमधल्या जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत कॉर्नवॉलचे मोठे दफ्तरखाने एकत्र आणले गेले. या तारखा क्रमाने पाहिल्या म्हणजे लक्षात येते, की मानाचा शिक्का शेवटी आला. त्याआधी ऐंशीहून अधिक वर्षे गावातल्या माणसांनी वाट पाहत न बसता काम केले होते. मुंबईत मात्र आपण आधी कुणीतरी मोठे संग्रहालय काढेल आणि मग आपण आजोबांची पेटी तिथे नेऊन देऊ, अशा भरवशावर बसतो.

मुंबई आणि कॉर्नवॉल यांच्यात एक जुना धागा प्रत्यक्षातही आहे, तो थोडक्यात सांगतो. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशी तारायंत्राची केबल टाकली आणि त्याच वर्षी या मार्गाचे इंग्लंडकडचे टोक कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो नावाच्या एका चिमुकल्या खाडीत किनाऱ्याला लागले. मूळ बेत फाल्मथ बंदराचा होता, पण तिथे जहाजांचे नांगर केबलला इजा करतील म्हणून ही निवांत जागा निवडली गेली. मुंबईच्या कापूस बाजाराचे भाव ज्या तारेने लंडनला पोहोचू लागले, ती त्या खाडीतून जात होती. दुसऱ्या महायुद्धात तिथले केंद्र बॉम्बहल्ल्यापासून वाचवण्यासाठी कॉर्निश खाणकामगारांनी कड्यात बोगदे खणले आणि आज तिथे तारायंत्राचे संग्रहालय आहे.

आता आमच्याविषयी. मुंबईतली पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापली. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, लोअर परळ हा सगळा पट्टा भोंग्याच्या तालावर जगला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे काय झाले ते या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. आज त्या जमिनींवर उंच इमारती आणि कार्यालये आहेत, कुठे एखादे धुराडे उभे ठेवले आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना आहे आणि ती पूर्ण व्हावी असे आम्हा सर्वांना वाटते. पण माग कुठल्या कंपनीचा, किती इंची, हे संग्रहालय सांगू शकेल. त्या मागापुढे उभा राहिलेला माणूस काय करत होता, हे त्या माणसालाच विचारावे लागेल आणि संपाच्या वेळी पंचविशीत असलेला विणकर आता सत्तरीच्या आसपास आहे.

आमचा गट महिन्यातून एकदा एका चाळीच्या सभागृहात जमतो. सुरुवातीला आम्ही म्हाताऱ्या कामगारांना म्हणायचो, काका, तुमच्या आठवणी सांगा. त्यावर संप, पुढारी, मालक, फसवणूक याच गोष्टी निघत. त्या महत्त्वाच्या आहेतच, पण त्या अनेकदा सांगून झालेल्या आणि सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या असतात. मग आम्ही प्रश्न बदलले. पहिल्या पाळीला खात्यात शिरल्यावर हात सगळ्यात आधी कुठे जायचा? दोरा तुटला की काय करायचात? पाणी प्यायला गेलात तर मागाकडे कोण बघायचे? हे विचारले की माणूस बोलता बोलता उभा राहतो आणि हात आपोआप हलायला लागतात.

एकदा एका विणकर काकांनी पिशवीतून धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणारे साधन, काढला. लाकडी, हातभराहून आखूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोक बसवलेला, पोट कोरलेले आणि त्या पोटात रिकामी कांडी. लाकूड हाताच्या घामाने काळेभोर आणि गुळगुळीत झालेले. बाजूला एक बारीक भोक होते. आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने विचारले, “काका, आतला दोरा या भोकातून बाहेर कसा काढायचात? सुई असायची का?” काका म्हणाले, “सुई कुठली, बाळा! माग थांबला की पगार थांबला.” त्यांनी घरून आणलेला दोरा कांडीला गुंडाळला, टोक भोकाशी नेले, धोटा तोंडाला लावला आणि एक झटक्यात श्वास आत ओढला. दोरा सुळकन बाहेर आला. मग त्यांनी सांगितले, की एकाच धोट्याला दोन-तीन पाळ्यांतल्या माणसांची तोंडे लागायची, श्वासाबरोबर कापसाची धूळ छातीत जायची आणि खात्यात कुणाला क्षय झाला की सगळ्यांच्याच मनात धास्ती बसायची. ही गोष्ट तोवर आमच्या कुणाच्याही कानावर आली नव्हती. त्या मुलीने ते चित्रित केले आहे, धोट्याची मापे घेतली आहेत आणि काकांनी वापरलेले शब्द त्यांच्याच उच्चारात वहीत उतरवले आहेत. त्या वहीत आता साचा, त्रासन, कांडी, फणी, बदली, जॉबर, मुकादम असे शब्द त्यांच्या खात्यासह आणि सांगणाऱ्याच्या गावासह नोंदलेले आहेत. नान्स यांच्या सागरी शब्दांच्या कोशाची आठवण ही वही उघडली की मला हटकून होते.

जमवलेल्या वस्तू सांभाळण्याविषयी थोडे लिहितो, कारण याविषयी विचारणा बरीच होते. छायाचित्राच्या मागे नावे लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावीत. शाईचा पेन वापरला की ती पुढच्या बाजूला उमटते. लॅमिनेशन कधीही करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही आणि कागद त्यात पिवळा पडत जातो. सेलोटेपही तसाच घातक असतो. जुने पगारपत्रक किंवा युनियनची पावती मिळाली तर गंजलेली टाचणी आधी काढावी. मुंबईच्या पावसाळ्यात लोखंडी ट्रंकेपेक्षा आम्लविरहित कागदाची पाकिटे आणि घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेला डबा चांगला, मात्र त्या पुड्या वेळोवेळी बदलल्या पाहिजेत. आम्ही शक्यतो मूळ वस्तू घरच्यांकडेच राहू देतो, तिचे स्कॅन आणि नोंद घेतो आणि कुणी दिली, कुणाची होती, कोणत्या गिरणीतल्या कोणत्या खात्यातली, हे चार तपशील लिहिल्याशिवाय वस्तू हातावेगळी करत नाही. हे तपशील नसले की धोटा नुसते लाकूड होतो.

कॉर्नवॉलकडून आम्ही थेट उचललेली गोष्ट म्हणजे वर्षाचे ठरलेले दिवस. गिरण्या चालू असताना खंडेनवमी-दसऱ्याला खात्याखात्यात यंत्रांची पूजा व्हायची. माग धुऊनपुसून झेंडूची तोरणे बांधली जात, हळदकुंकू वाहिले जाई आणि कामगारांची मुले त्या दिवशी आत जाऊन वडील कुठे काम करतात ते पाहत. आमच्या पिढीतल्या अनेकांनी गिरणी आतून पाहिली ती त्याच दिवशी. आता आम्ही खंडेनवमीला सभागृहात एका लांब टेबलावर धोटे, फण्या, पाने, कात्र्या, बिल्ले, डबे मांडतो आणि ज्याने ते हत्यार वापरले त्याच्याच हातून त्याची पूजा करतो. पूजा झाली की त्याने ते हत्यार हातात घेऊन एका मुलाला चालवून दाखवायचे, असा नियम आहे. १८ जानेवारीला आम्ही भाषणे ठेवत नाही. प्रत्येक कुटुंबाने संपाच्या काळात घरात काय शिजत होते, कोणी कोणते काम धरले, कोण गावी परत गेले, एवढेच सांगायचे असते. पावसाळा संपला की पायी फेरी निघते. परळच्या बारादेवी मंदिरात १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेले शिवाचे प्रचंड शिल्प आहे आणि ते महाशिवरात्रीला दर्शनासाठी खुले असते, म्हणून त्या दिवशीची आमची फेरी वेगळी असते. सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर दाखवणारे ब्रिटिशकालीन मैलाचे दगड शहरात ठिकठिकाणी पदपथाखाली गाडले गेले होते. त्यांतले काही महापालिकेने पुन्हा वर काढून उभे केले आहेत. कॉर्नवॉलची मंडळे रस्त्याकडेचे क्रूस उभे करतात, ते काम मला याच जातीचे वाटते.

सर्वांत मौल्यवान साठा मात्र मला अजूनही ग्रामस्थ मंडळांकडे दिसतो. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकेका गावाने गिरणगावात एकेक गाळा घेतलेला असे. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा येऊन आडवा व्हायचा, जेवण खानावळवाल्या बाईकडे आणि पैसे गावाला. या गाळ्यांची पंचायत असे आणि तिच्या वह्यांत कोण कधी आले, कुणी किती वर्गणी भरली, कुणाच्या मयताला किती खर्च केला, गावच्या देवळाला किती पाठवले हे सगळे लिहिलेले आहे. कॉर्नवॉलमधून परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या नोंदी रेडरुथमध्ये जमवल्या गेल्या आहेत आणि ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले वंशज आपले मूळ गाव शोधत तिथे येतात. आमच्या गाळ्यांच्या वह्या एकत्र आल्या तर मुंबईत जन्मलेल्या हजारो मुलांना आपले पणजोबा कोणत्या वर्षी, कुणाच्या ओळखीने, कोणत्या गिरणीत लागले हे कळू शकेल. पुनर्विकासात गाळा रिकामा करताना या वह्या रद्दीत जातात. एका इमारतीत सामान हलवताना आम्ही पोहोचेपर्यंत ट्रंक गेलेली होती. म्हणून आता पुनर्विकासाचा करार झाल्याचे कानावर आले, की आमच्यातले दोघे जण आधी जाऊन मंडळाच्या सेक्रेटरींना भेटतात.

एक बाजू अजून फारच कोरी आहे, ती बायकांची. कॉर्नवॉलच्या खाणींवर, खाली न उतरता वरच हातोड्याने खनिज फोडणाऱ्या मुली आणि बायका असत, त्यांना ‘बाल मेडन’ म्हणत. त्यांच्याविषयी फार काळ कुणी विचारले नाही. आता त्यांची पांढरी टोपी, त्यांची मजुरी, त्यांचे हातोडे यांचा नीट अभ्यास झाला आहे. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीळ खात्यात बायका मोठ्या संख्येने होत्या आणि काळाच्या ओघात पुरुषांच्या आधी त्यांनाच कामावरून कमी केले गेले. आमच्याकडच्या ध्वनिफितींत बायकांचे आवाज फार थोडे आहेत. बरेचदा काका बोलत असतात आणि मावशी आतून चहा आणून ठेवतात. त्यांना विचारावे तर म्हणतात, “मला काय विचारता, मी आपली रिळावर होते.” मग कळते की त्या वीस-बावीस वर्षे रिळावर होत्या, तान्ह्या मुलाला पाळणाघरात ठेवून त्या पाळीत मध्येच जाऊन पाजून यायच्या आणि पगाराच्या दिवशी दारात सावकार उभा असायचा. यापुढे मावशींशी बोलायला आमच्यातल्या मुलीच जातील, दुपारच्या वेळी जातील आणि काका घरी नसताना जातील, असे आम्ही ठरवले आहे.

येत्या खंडेनवमीचे टेबल याच बायकांच्या हत्यारांचे असेल. लालबाग, परळ, शिवडी, डिलाइल रोड, वरळी यांपैकी कुठल्याही भागात राहणारी किंवा आता कल्याण, विरार, पनवेलकडे राहायला गेलेली, रीळ किंवा वाइंडिंग खात्यात काम केलेली आजी, मावशी, आत्या आपल्या माहितीत असेल, तर तिला घेऊन या. प्रवास झेपत नसेल तर आम्ही घरी येऊ. जुना बिल्ला, पगारपत्रक, खात्यातल्या मैत्रिणींबरोबरचा दसऱ्याचा फोटो असे काही घरात असेल तर ते पुसूनही न घेता, आहे तसे आणा. फोटोतल्या ज्यांची नावे तिला आठवतात, ती तिच्याच तोंडून आम्ही तिथे लिहून घेऊ.